अनामांकित घड्याळयंत्राची ओळख : नाशिक परिसराच्या संदर्भात एक साधनविचार

नाशिक येथे गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देवालय उभे आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी रामेश्वराचे हे मंदिर १७४७ मध्ये बांधले. त्याच्या तटावर दर्शनी बाजूस टांगलेली प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची असून ती १७३९ च्या वसईच्या विजयाचे स्मारक होय, अशी परंपरा आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यालगतच्या घाटावरही अशीच एक घंटा आहे. तीवर १७०७ हे वर्ष व बाल येशूसह मेरीची आकृती आहे. अशा घंटा आपल्या मूळ स्थानापासून कितीही दूर नेल्या तरी त्यांची ओळख लोपत नाही. घंटा ही एकसंध ओतीव वस्तू होय. तिच्यावरील वर्ष, चिन्ह वा अक्षरे धातूबरोबरच ओतली जातात व धातू असेपर्यंत टिकतात.

घड्याळाचे तसे नाही. घड्याळ ही एक वस्तू नसून अनेक वस्तूंचा संयोग असतो. लाकडी वा धातूची पेटी एका कारागिराची, तबकडी दुसऱ्याची, आतील यंत्र तिसऱ्याचे, आणि तबकडीवरील नाव बहुधा विकणाऱ्याचे, अशी ही रचना असते. शंभर-दीडशे वर्षांच्या वापरात पेटी वाळवीने खाल्ली जाते, तबकडीचा मुलामा उडतो, आतील बाजूस चिकटविलेला छापील कागद गळून पडतो आणि अखेरीस उरते ते केवळ पितळी यंत्र. त्यावर नाव नसले तर ते यंत्र मुके ठरते. जुन्या नाशकातील वाडे मोडकळीस येत असताना किंवा त्यांच्या जागी नव्या इमारती उठत असताना जे सामान बाहेर पडते, त्यात अशी यंत्रे असणे स्वाभाविक आहे. त्यांची ओळख कशी पटवावी आणि त्या ओळखीतून इतिहासास काय मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकाचा नाही. घराण्याच्या परंपरेत एखादे घड्याळ ‘पेशव्यांकडून मिळालेले’ म्हणून सांगितले जाते. ते वस्तुतः १८८० नंतरच्या कारखान्यातले असेल, तर त्या आधारावर उत्तर पेशवाईतील युरोपीय वस्तूंच्या प्रसाराविषयी काढलेले प्रत्येक अनुमान खोटे ठरते. उलटपक्षी, अठराव्या शतकातील एखादे अस्सल यंत्र नाव नाही एवढ्याच कारणाने मोडीच्या भावाने पितळ म्हणून विकले गेले, तर एक अव्वल साधन कायमचे नष्ट होते. शिवाय, पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ यानुसार सर्वसाधारण वस्तूस पुरावशेष ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय लागते. तेव्हा कालनिर्णयास कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

प्रथम कागदपत्रांच्या साक्षीचा विचार करणे अवश्य आहे. कारण मराठी इतिहासाच्या अभ्यासकाचा हात साहजिकपणे दप्तराकडे जातो. येथे शब्दांनी चकविण्याचा संभव मोठा आहे. ‘घड्याळ’ हा शब्द यांत्रिक घड्याळापेक्षा जुना असून मुळात घटका मोजून ज्यावर टोल देत त्या काशाच्या थाळीसही तो लावीत. ‘तास’ या शब्दाचाही वाजविण्याची धातूची थाळी असा अर्थ होता; तिच्यावरून तो कालमापनाच्या एककास लागला. म्हणून एखाद्या यादीत वा हिशेबात ‘घड्याळ’ आले म्हणजे चक्रांचे व कमानीचे यंत्र आले, असे मानता येत नाही. सोबत चावी, काटे, काच, दुरुस्ती किंवा विलायती असा काही उल्लेख असेल तरच अर्थ निश्चित होतो. घड्याळजीस दिलेली मजुरी हा त्याहून चांगला पुरावा होय. परंतु घटिकापात्रावर बसून टोल देणारा नोकर आणि यंत्र दुरुस्त करणारा कारागीर यांतील भेद तेथेही पाहावा लागतो.

घटिकापात्राची पद्धती साधी होती. बुडाशी बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर तरंगत ठेवीत. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे झाली. अहोरात्राच्या ६० घटका सूर्योदयापासून मोजीत. युरोपीय यंत्र मध्यरात्रीपासून व मध्यान्हापासून बारा-बारा तास मोजते. पंचांग, मुहूर्त, पर्वकाळ व स्नान यांवर जेथील व्यवहार चालतो त्या नाशिकसारख्या क्षेत्रात ही दोन गणिते शेजारी शेजारी नांदली असली पाहिजेत. म्हणून अठराव्या शतकात एखाद्या सरदाराच्या वाड्यात युरोपीय घड्याळ असले तरी त्यावरून तेथील दिनक्रम घड्याळाच्या तासांवर चाले, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. नजराण्याची वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांतील अंतर या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

युरोपीय घड्याळ नाशिक प्रांती कोणत्या मार्गांनी येऊ शकले असते, हेही पाहिले पाहिजे. गोवा, सुरत व मुंबई ही बंदरे हे त्याचे मूळ दार. नाशिकशी पेशवे घराण्याचा संबंध निकटचा होता. शहरालगत आनंदवल्ली येथे राघोबादादांचे वास्तव्य होते, आणि १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्यांचा इंग्रजांशी घनिष्ठ संबंध जडला होता. गोपिकाबाईंनीही उत्तरायुष्य नाशिक परिसरातच काढले. तेव्हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मौल्यवान विलायती यंत्र येथे येणे अशक्य नव्हते. १८१८ मध्ये नाशिक इंग्रजांच्या अंमलाखाली आले व कचेऱ्यांबरोबर नवे कालमापन आले. १८६० च्या दशकाच्या आरंभी लोहमार्ग आला, १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि न्यायालये, शाळा, टपालकचेरी, स्थानक या सर्वांनी नागरिकास मिनिटांचा हिशेब शिकविला. याच काळात अमेरिकेतील व जर्मनीतील कारखान्यांनी घड्याळ स्वस्त केले. म्हणजे पहिल्या मार्गाने येणारी घड्याळे थोडी व किमती, तर दुसऱ्या मार्गाने येणारी पुष्कळ व साधी. अनामांकित यंत्र हाती आले असता ते दुसऱ्या वर्गातील असण्याचा संभव म्हणूनच अधिक असतो. पहिल्या वर्गात त्यास बसविणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे.

आता यंत्राकडे वळू. नावाच्या अभावाने अभ्यासक निराश होतो. परंतु नावाची साक्ष वाटते तितकी बलवान नसते. इंग्लंडात लंडनच्या क्लार्कनवेल भागातील थ्वेट्ससारखी घराणी इतर घड्याळजींना तयार यंत्रे पुरवीत व तबकडीवर विकणाऱ्याचे नाव लागे. फ्रान्समध्ये बोकूर येथील जापी यांच्या कारखान्यातून कच्ची यंत्रे असंख्य दुकानांकडे जात. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांतील विक्रेतेही आयात केलेल्या घड्याळांवर आपले नाव घालीत. तबकडीवर मुंबईचे वा कलकत्त्याचे नाव असले तर त्यावरून यंत्र तेथे घडले असे सिद्ध होत नाही. ते तेथे विकले गेले, एवढेच सिद्ध होते. तबकडीवरील अंकांचेही तसेच. लंडनचे कारागीर तुर्की बाजारासाठी त्या देशातील अंकांच्या तबकड्या करीत. अंकांची लिपी गिऱ्हाइकाची ओळख देते, कर्त्याची नव्हे. या दृष्टीने पाहता नाव नसलेल्या यंत्राचा परीक्षक एका मोहापासून मुक्त असतो. त्यास रचनेकडेच पाहावे लागते.

रचनेवरून कालनिर्णय करण्याचे मूलतत्त्व मोडी लिपीच्या अभ्यासकांस परिचित आहे. एखादे वळण अमुक काळी प्रचारात आले हे ठाऊक असल्यास ते वळण असलेला कागद त्या काळाआधीचा नसतो. पण जुने वळण गिरविणारा लेखक नंतरही असू शकतो. यंत्राच्या प्रत्येक अवयवाचे तसेच आहे. नव्या युक्तीवरून आद्य मर्यादा निश्चित होते. जुनी युक्ती टिकून असल्यावरून अंत्य मर्यादा निश्चित होत नाही. हे तत्त्व विसरल्यानेच पुष्कळ घड्याळे आहेत त्याहून शंभर वर्षे जुनी ठरविली जातात.

पहिला अवयव एस्केपमेंट. कमानीचे वा वजनाचे बळ एकदम न सुटता एकेका दात्याने सुटावे यासाठी ही योजना असते. घड्याळाची टिकटिक ती हीच. तिचा सर्वांत जुना प्रकार व्हर्ज. यात मुकुटासारखे, दाते एका बाजूस वळलेले चक्र असते व दोन पाती असलेला दांडा त्यास आडवा बसतो. क्रिस्तियान हायगेन्स याने १६५६ मध्ये घड्याळास लंबक जोडला. पुढे १६७० च्या सुमारास इंग्लंडात नांगराच्या आकाराची अँकर योजना आली आणि लांब लंबक थोड्या झोक्याने चालविणे शक्य झाले. जॉर्ज ग्रॅहम याने १७१५ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या प्रकारात चक्राचा मागे येणारा धक्का नाहीसा झाला. अँकर असलेले यंत्र १६७० पूर्वीचे नाही, हे निश्चित. परंतु व्हर्ज असलेले यंत्र सतराव्या शतकातीलच, असे मात्र नाही. टेबलावर ठेवण्याच्या इंग्रजी घड्याळांत व्हर्ज १८०० च्या सुमारापर्यंत चालू होता. कारण घड्याळ एका दालनातून दुसऱ्या दालनात हलविले व नीट समतल ठेवले नाही तरी तो चालतो.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. व्हर्जची पुष्कळ यंत्रे पुढे अँकरमध्ये बदलली गेली. असा बदल झाला असता मागील प्लेटवर निरुपयोगी छिद्रे, बुजविलेल्या खाचा, जुन्या आधाराच्या जागी राहिलेली रंगछटा अशा खुणा राहतात. म्हणून रिकामे छिद्र दिसले की ते कशासाठी होते, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. शिलालेखातील खोडलेल्या अक्षराइतकेच त्यास मोल आहे.

दुसरा अवयव ठोक्यांची यंत्रणा. जुन्या पद्धतीत असमान अंतरावर खाचा असलेले गणनचक्र असते. काटे हाताने पुढे ढकलले तर ठोके व काटे यांचा मेळ सुटतो. एडवर्ड बार्लो याने १६७६ मध्ये शोधलेल्या रॅक पद्धतीत ठोक्यांची संख्या तास-काट्याच्या स्थानावरूनच ठरते, त्यामुळे मेळ सुटत नाही. रॅक असल्यास आद्य मर्यादा मिळाली. गणनचक्र मात्र फ्रेंच यंत्रांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही आढळते आणि स्वस्त अमेरिकी यंत्रांत विसाव्या शतकातही. एकच अवयव घेऊन निर्णय देऊ नये, याचे हे चांगले उदाहरण होय.

तिसरी साक्ष बळ साठविण्याच्या पद्धतीची. कमान पूर्ण गुंडाळलेली असता तिचा जोर अधिक व उलगडत आली की कमी असतो. तो सम करण्यासाठी इंग्रज कारागीर फ्यूजी, म्हणजे निमुळता होत जाणारा खाचांचा शंकू वापरीत; त्यावर तातीची दोरी वा बारीक साखळी गुंडाळलेली असते. इंग्लंडातील कचेऱ्यांच्या व रेल्वेच्या भिंतीवरील घड्याळांत ही पद्धती फार काळ टिकली. फ्रेंच यंत्रांत सामान्यतः फ्यूजी नसून कमान पितळी डब्यात असते. अमेरिकी भिंतीवरील यंत्रांत कमान बहुधा डब्याविना उघडीच राहते. म्हणून फ्यूजी दिसली की प्रथम इंग्लंडचा विचार करावा. तिचा अभाव असला की फ्रान्स, जर्मनी व अमेरिका यांचा.

चौथी साक्ष प्लेटांची व धातूची. अठराव्या शतकातील इंग्रजी यंत्राच्या प्लेटा ओतीव पितळेच्या, हातोडीने ठोकून कठीण केलेल्या व कानशीने साफ केलेल्या असतात. जी बाजू दिसणार नाही तेथे ओतकामाची बारीक छिद्रे व कानशीचे ओरखडे राहतात. चाकांचे आरे हाताने कापलेले असल्याने एकमेकांशी किंचित विषम असतात. अमेरिकेत १८३० च्या दशकाच्या अखेरीस चौन्सी जेरोम याने लाटलेल्या पितळी पत्र्यातून साच्याने कापलेली यंत्रे मोठ्या प्रमाणावर काढली, आणि १८४० च्या दशकात ती इंग्लंडच्या बाजारातही आली. तेथून पुढे पातळ, एकसारख्या जाडीच्या, मध्ये मोकळ्या खिडक्या कापलेल्या प्लेटा व तारेच्या लहान दांड्यांनी बनविलेले पिनियन ही कारखानी यंत्राची लक्षणे ठरली. जर्मनीत युंगहान्स या कारखान्याने १८६१ नंतर अमेरिकी पद्धती आत्मसात केली. जपानमध्ये हात्तोरी किंतारो यांनी १८९२ मध्ये काढलेल्या सेइकोशा कारखान्यानेही भिंतीवरील घड्याळांपासूनच आरंभ केला. परिणामी अमेरिकी, जर्मन व जपानी यंत्रे कित्येकदा एकमेकांची भावंडे दिसतात. साम्यावरून कुल ठरते, घर ठरत नाही.

धातूच्या रासायनिक परीक्षेचाही आज उपयोग होतो. जस्ताच्या खनिजाबरोबर तांबे तापवून पितळ करण्याच्या जुन्या पद्धतीत जस्ताचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवर जाणे कठीण असे. शुद्ध जस्त मिसळून पितळ करण्याची पद्धती इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस पसरू लागली व पुढे ही मर्यादा उरली नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्लेट न कापता हे प्रमाण मोजता येते. तथापि पृष्ठभागावरील जस्त काळाने व आम्लाने धुण्याने कमी होते. त्यामुळे जस्त अधिक आढळल्यास ते उत्तर काळाचे बरेच बलवान चिन्ह मानावे. कमी आढळल्यास त्यावरून पूर्व काळ सिद्ध झाला असे म्हणू नये.

पाचवी साक्ष गणिताची, आणि ती सर्वांत निःपक्षपाती होय. मधले चाक तासास एक फेरा करते. त्यास ६० दाते असून ते ८ दात्यांच्या पिनियनास फिरवीत असेल, त्या पिनियनाच्या आसावरील चाकास ५६ दाते असून पुढील पिनियनास ७ असतील, आणि शेवटच्या चक्रास ३० दाते असतील, तर साडेसात गुणिले आठ म्हणजे तासास ६० फेरे झाले. प्रत्येक दाता दोन ठोके देतो, म्हणून तासास ३,६०० ठोके. अर्थात लंबक सेकंदास एक झोका घेतो व त्याची परिणामी लांबी सुमारे ९९४ मिलिमीटर असली पाहिजे. उभ्या पेटीच्या इंग्रजी घड्याळांत ही रचना नेहमीची आहे. यंत्र पेटीविना व लंबकाविना सापडले तरी दात्यांच्या गणतीवरून हरवलेल्या लंबकाची लांबी व त्यावरून पेटीची किमान उंची सांगता येते. दाते मोजण्यासाठी यंत्र चालू असण्याचीही गरज नाही.

या गणितात नाशिकचे स्थानही येते. फ्रेंच ज्योतिषी झां रिशे याने १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळील केयेन येथे पाहिले की, पॅरिसचा सेकंद-लंबक तेथे मागे पडतो व त्यास सव्वा लीन्य आखूड करावे लागते; लीन्य म्हणजे जुन्या फ्रेंच इंचाचा बारावा भाग. लंडनहून विसाव्या अक्षांशावरील व समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटर उंचीवरील नाशकात आलेले लंबकाचे घड्याळही याच कारणाने दिवसास सुमारे दोन मिनिटे मागे पडेल आणि सेकंद-लंबक सुमारे तीन मिलिमीटर आखूड करावा लागेल. हा फरक लंबकाखालील मळसूत्र फिरवून सहज भरून निघतो. तेव्हा गणिताने येणारी लांबी व प्रत्यक्ष लंबक यांत याहून पुष्कळ अधिक अंतर असेल, तर ते स्थलांतराने झालेले नाही. लंबक तरी परका आहे, किंवा चाके तरी बदललेली आहेत.

फ्रेंच यंत्रांत या गणिताचा ताळा घेण्याची सोय कारागिरानेच करून ठेवलेली असते. गोल प्लेटांच्या पॅरिस पद्धतीच्या यंत्राच्या मागील बाजूस अनुक्रमांकाखेरीज दोन लहान अंक ठोकलेले आढळतात. ते लंबकाच्या लांबीचे असतात : पहिला अंक जुन्या फ्रेंच इंचांचा, दुसरा लीन्यांचा. एक लीन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर. ‘५’ व ‘३’ हे अंक असल्यास लांबी ६३ लीन्य, म्हणजे सुमारे १४२ मिलिमीटर झाली; असा लंबक तासास सुमारे ९,५०० ठोके देतो. दात्यांच्या गणतीवरूनही तोच आकडा आला, तर दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात व चाके मूळची आहेत असे मानण्यास बळकट आधार मिळतो. याच यंत्रांत लंबक रेशमी दोऱ्यावर टांगण्याची सोय असेल तर ते साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे असते. पोलादी पट्टीवर टांगून तबकडीच्या वरच्या भागातील बारीक चौकोनी दांड्याने लांबी कमीअधिक करण्याची ब्रोको याची योजना १८४० च्या सुमाराची आहे.

नाव नसले तरी किरकोळ चिन्हे असतातच. तारा, बाण, मुकुट, नांगर अशा व्यापारचिन्हांपासून ते केवळ आकड्यापर्यंत काहीही असू शकते. ती प्लेटेच्या आतील बाजूस, तबकडीच्या पाठीमागे किंवा कमानीच्या डब्यावर शोधावी लागतात. थ्वेट्स यांच्या यंत्रांवरील अनुक्रमांकावरून घडणीचा काळही काढता येतो. उत्पत्तिस्थानाचा उल्लेख असल्यास कायद्याचा इतिहास उपयोगी पडतो. इंग्लंडात १८८७ मध्ये व हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारचिन्हांविषयीचे कायदे झाले आणि विदेशी मालावर देशाचे नाव घालण्याची प्रथा वाढली. ‘जर्मनीत बनविलेले’ अशा अर्थाचा छाप असलेले यंत्र म्हणून सामान्यतः १८८७ नंतरचे समजावे. छापाचा अभाव मात्र काहीच सिद्ध करीत नाही. तो छाप तबकडीवर वा गळून पडलेल्या कागदावरही असू शकला असता.

येथवर यंत्राच्या जन्माचा विचार झाला. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासाच्या दृष्टीने यंत्राचे पुढील आयुष्य अधिक बोलके असते. कर्ता लंडनचा की पॅरिसचा, हा प्रश्न अखेर युरोपच्या उद्योगाच्या इतिहासाचा आहे. ते यंत्र येथे किती काळ चालले, कोणी चालविले, बिघडले असता कोणी व कशाने दुरुस्त केले, हे प्रश्न आपले आहेत. आणि त्यांची उत्तरे त्याच पितळेवर कोरलेली असतात. घड्याळजींची एक जगभरची रीत आहे की दुरुस्तीनंतर प्लेटेच्या आतील बाजूस किंवा कमानीवर टोकदार हत्याराने आपले नाव, चिन्ह वा तारीख ओरखडावी. असा ओरखडा रोमन लिपीत असेल, गुजरातीत असेल, मोडीत वा बाळबोधीत असेल. शक वर्ष असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा. अशी एक तारीख सापडली तर यंत्र तत्पूर्वीचे आहे हे निर्विवाद ठरते. घडणीच्या युक्त्यांवरून आद्य मर्यादा मिळते. ही तारीख अंत्य मर्यादा देते. दोहोंच्या मध्ये खरा काळ असतो.

दुरुस्तीच्या पद्धतीवरूनही पुष्कळ कळते. झिजलेल्या छिद्रात बसविलेला पितळी बुश यंत्रावर नेमका फिरविलेला आहे की हाताने ठोकून बसविला आहे. तुटलेल्या दात्याच्या जागी घातलेला दाता डाखलेला आहे की खाच करून बसविला आहे. नवा स्क्रू तयार आणलेला आहे की कानशीने घासून केला आहे, हे नोंदले पाहिजे. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेले गाव. पितळ ठोकणे, जोडणे व डाखणे यांत निष्णात असलेले तांबट येथे होते. घड्याळकाम हे तांबटाचे काम नव्हे, हे खरे. तथापि जेथे प्रशिक्षित घड्याळजी दूर होता, तेथे पितळ जाणणाऱ्या हातांची मदत घेतली गेली असण्याचा संभव आहे. दुरुस्तीच्या जोडाची घडण जर स्थानिक भांड्यांच्या जोडाशी जुळती आढळली, तर विलायती यंत्र व देशी कारागिरी यांच्या भेटीचा तो प्रत्यक्ष पुरावा ठरेल. कागदपत्रांत हा पुरावा क्वचितच मिळेल, कारण चार-आठ आण्यांच्या मजुरीची नोंद ठेवण्याचे कारण बहुधा कोणास पडत नसे.

याच कारणासाठी साफसफाई हा या साधनाचा सर्वांत मोठा शत्रू होय. जुने यंत्र हाती येताच ते चिंचेने, लिंबाने वा पॉलिशने घासून चकचकीत करण्याची प्रवृत्ती असते. त्यात ओरखडे पुसट होतात, बुजविलेल्या छिद्रांच्या कडा दिसेनाशा होतात, जुन्या तेलाचे व धुळीचे थर जातात आणि पृष्ठभागाच्या रासायनिक परीक्षेचाही आधार नाहीसा होतो. म्हणून नोंद प्रथम, हात लावणे नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळावा. नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात : यंत्र कोठे, कोणत्या दालनात, कोणत्या पेटीत मिळाले, घरच्या मंडळींची त्याविषयीची परंपरा काय, प्लेटांची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरांत, खांबांची संख्या व आकार, प्रत्येक चाकाचे व पिनियनाचे दाते, एस्केपमेंट व ठोक्यांचा प्रकार, लंबक कशावर टांगला आहे, सर्व अंक व चिन्हे त्यांच्या स्थानासह, रिकामी छिद्रे, आणि दुरुस्तीच्या खुणा. पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या प्रकाशात आणखी एक घ्यावे, म्हणजे पुसट ओरखडे उमटतात.

नोंद झाल्यावर निष्कर्ष पायरीपायरीने मांडावा. यंत्राचा प्रकार व त्याची आद्य मर्यादा हे बहुधा निश्चित सांगता येते. देश हा अनेक लक्षणे एकत्र आल्यास संभाव्य म्हणून सांगता येतो. कारखाना वा कारागिराचे घराणे हे तपशीलवार तुलनेसाठी नामांकित नमुना उपलब्ध असेल तरच सांगावे. व्यक्तिशः कर्त्याचे नाव हे लेखी चिन्हावाचून सांगू नये. उदाहरणार्थ, फ्यूजी, ओतीव प्लेटा, रॅकचे ठोके आणि व्हर्ज बदलून बसविलेला अँकर या चार गोष्टी एकत्र आढळल्यास ‘इंग्रजी, १६७६ नंतरचे, बहुधा अठराव्या शतकातील, पुढे रूपांतरित’ एवढे विधान न्याय्य होय. त्यापुढे जाऊन लंडनच्या एखाद्या विख्यात कारागिराचे नाव घेणे हे कल्पनेचे काम झाले. त्याचप्रमाणे, साच्याने कापलेल्या पातळ प्लेटा, उघडी कमान व तारेचे पिनियन असलेल्या यंत्रास ‘अमेरिकी पद्धतीचे, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध वा नंतरचे’ म्हणावे. ते पेशवेकालीन नाही, हे मात्र निःसंदिग्धपणे सांगावे. मग घराण्याची परंपरा काहीही असो.

अशा नकारात्मक निष्कर्षाने परंपरेचा अवमान होतो असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा परंपरा वस्तूविषयी चुकते, पण घटनेविषयी खरी असते. पूर्वजास कोणे एके काळी घड्याळ मिळाले असेल, ते नष्ट झाल्यावर त्याच कोनाड्यात दुसरे आले असेल व पहिल्याची कथा दुसऱ्यास चिकटली असेल. पेटी जुनी व यंत्र नवे असाही प्रकार असतो. तेव्हा पेटीतील खिळ्यांची व आधारांची रिकामी छिद्रे पूर्वीच्या यंत्राचा आकार सांगतात. म्हणून यंत्र उत्तरकालीन ठरल्यावर शोध संपत नाही. तो पेटीकडे, कोनाड्याकडे व दप्तराकडे वळतो.

मराठी इतिहाससंशोधनाने कागदाच्या साधनांची चिकित्सा करण्याची कडक शिस्त घालून दिली आहे. अस्सल व नक्कल, मूळ मजकूर व मागाहूनचा क्षेप, लेखनाचा काळ व लेखनविषयाचा काळ यांतील भेद अभ्यासक जाणतात. अनामांकित घड्याळयंत्रास याच शिस्तीने सामोरे गेल्यास ते मुके राहत नाही. त्याचे दाते मोजता येतात, त्याची छिद्रे वाचता येतात आणि त्याच्या दुरुस्त्यांचा क्रम लावता येतो. नाशिकसारख्या नगरात, जेथे घटका मोजणारे ज्योतिषी व मिनिटे मोजणारे स्टेशनमास्तर यांचे व्यवहार एका पिढीच्या आत एकमेकांस भिडले, तेथे ही यंत्रे काळाच्या नव्या हिशेबाची मूळ साधने आहेत. ती मोडीत जाण्यापूर्वी निदान त्यांची मोजमापे कागदावर यावीत, ही विद्यार्थी-अभ्यासकांच्या आवाक्यातील आणि तातडीची गोष्ट आहे. त्यासाठी लागतात ती साधने म्हणजे एक मोजपट्टी, एक भिंग, चांगला प्रकाश आणि घासण्याचा मोह आवरण्याइतका संयम.